३९ फुटांवर निघायचं असेल तर

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "पाणी किती?" असा असतो आणि उत्तर फुटांत येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठावर वाढलेल्यांना हे आकडे कोणी शिकवावे लागत नाहीत. ३९ झालं की लोक नदीवर एक चक्कर मारून येतात. ४१-४२ ला गोठ्यातली जनावरं उंचावर नेऊन बांधायची भाषा सुरू होते. धोका पातळी ओलांडली की बोचकी बांधायची, गॅस बंद करायचा, दाराला कुलूप घालून बाहेर पडायचं.

मधल्या चार-पाच फुटांचा हा अवधी धडधाकट माणसाच्या चालीवर बेतलेला आहे. कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवायलाच दोघं लागतात. कर्णबधिर बाईला दवंडीच्या रिक्षाचा भोंगा ऐकू येत नाही. अंध म्हाताऱ्याची काठी जमिनीवर चालते, वाहत्या पाण्यात ती काही सांगत नाही. आरडाओरडा सुरू झाला की स्वमग्न मूल बिथरून कपाटाआड जाऊन बसतं. अशा घरांत ४३ फुटांवर तयारी सुरू झाली तर ती उशिराच सुरू झालेली असते. या माणसांनी ३९ वर निघायला हवं, आणि त्यासाठी त्यांना न्यायला कोणीतरी ३९ वरच दारात हजर हवं. अपंगांच्या आपत्तीतल्या सुरक्षेबद्दल गेल्या वीस वर्षांत जगभर जे कायदे झाले, जे आराखडे निघाले आणि जे खटले लढले गेले, ते सगळे अखेर याच ठिकाणी येऊन थांबतात: त्या 'कोणीतरी'चं नाव आधी ठरलेलं आहे का?

आधी आवाका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांतले साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. तेव्हा अपंगत्वाचे आठ प्रकार मोजले होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस मान्य केले, तेव्हा खरा आकडा मोठा असणार हे उघड आहे. त्यात गुडघे गेलेले आजी-आजोबा आणि पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण मिळवा. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-जोखीम कार्यालयाने २०१३ मध्ये शंभराहून अधिक देशांतल्या अपंगांना थेट विचारलं होतं की अचानक संकट आलं तर तुम्ही लगेच बाहेर पडू शकाल का. काही अडचण न येता निघू शकू, असं सांगणारे पाचात एक होते. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा पाहणी झाली तेव्हा ८४ टक्के लोकांकडे संकटकाळासाठी स्वतःची कुठलीही योजना नव्हती. मधल्या काळात आपत्तीची जोखीम कमी करण्याचा २०१५ चा सेंदाई आराखडा येऊन गेला, अपंग आणि आपत्ती या विषयावरचा त्याच वर्षीचा ढाका जाहीरनामा येऊन गेला, आणि दर ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाची भाषणं तर होतच असतात.

तपशिलात जायचं तर जपानपासून सुरुवात करावी, कारण तिथे मेलेल्यांचा हिशेब नीट ठेवतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत किनारपट्टीवरच्या अपंगांचा मृत्युदर इतर रहिवाशांच्या जवळपास दुप्पट निघाला. ज्या देशात शाळकरी मुलं बाकाखाली शिरण्याचा सराव करतच मोठी होतात, त्या देशातली ही गत! पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. पालिकांच्या दप्तरी अपंगांच्या नोंदी होत्या, पण वैयक्तिक माहिती जपण्याचा नियम आड आला. संघटनांचे कार्यकर्ते मागे राहिलेल्यांना शोधायला निघाले तर बहुतेक ठिकाणी नावं देता येत नाहीत असं उत्तर मिळालं. फुकुशिमा प्रांतातल्या मिनामिसोमासारख्या मोजक्याच ठिकाणी यादी त्यांच्या हाती पडली आणि घरोघर जाता आलं. म्हणून २०१३ मध्ये कायदा बदलला आणि मदत लागणाऱ्यांची यादी ठेवणं प्रत्येक पालिकेवर बंधनकारक झालं.

एवढ्याने भागलं नाही. २०१८ मध्ये पश्चिम जपानात पूर आला, तेव्हा कुराशिकी शहराच्या माबी भागात बळी गेलेल्यांत बहुतेक वृद्ध होते आणि कितीतरी जण स्वतःच्या घराच्या तळमजल्यावरच सापडले. वर जिना होता, पण चढवणारं कोणी नव्हतं. यादीत नाव असणं आणि त्या नावासाठी कोणी धावून येणं यात केवढं अंतर आहे, हे तिथे कळलं. २०२१ च्या दुरुस्तीने मग यादीतल्या प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र स्थलांतर योजना करण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. तीही शक्य तितका प्रयत्न करण्यापुरतीच आहे, सक्ती नाही. तरी योजनेचा कागद पाहिला तर त्यात काय असायला हवं ते समजतं: माणूस, त्याची गरज, सोबत करणाऱ्याचं नाव, वाट आणि ठिकाण.

याच जपानातलं दुसरं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. होक्काइदो बेटावरच्या उराकावा या छोट्या गावात बेथेल नावाची वस्ती आहे. स्किझोफ्रेनिया आणि इतर मनोविकार असलेली माणसं तिथे एकत्र राहतात, काम करतात. २०११ च्या कितीतरी आधी त्यांनी त्सुनामीची तयारी सुरू केली होती. चित्रं आणि आवाज जोडून सोप्या भाषेत स्वतःच्या वाटेची पुस्तिका केली, किती वेळात किती उंची गाठायची ते ठरवलं आणि ती वाट पुन्हा पुन्हा चालून पाहिली. संकटात ही माणसं गोंधळतील, असं सगळ्यांनी धरून चालावं अशीच ती माणसं. प्रत्यक्षात ११ मार्चला लाट यायच्या आत ती उंचावर पोचलेली होती. वेड लागलेल्याला काय कळतंय, असं आपल्याकडे सहज म्हणून टाकतात. कळतं, पण सरावाला बोलवावं लागतं.

आपल्याकडे काय झालं? ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले.  दहा वर्षांनी, ९ डिसेंबर २०११ ला, कोलकात्याच्या एका नामांकित खासगी रुग्णालयात तळघरातून धूर वर चढला आणि नव्वदच्या आसपास माणसं गुदमरली. त्यातली बहुतेक पलंगावरून स्वतः उठू न शकणारी होती. महाराष्ट्रात ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात दहा नवजात बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या शासकीय रुग्णालयात अतिदक्षता विभागातले रुग्ण गेले. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती विजेच्या तारांची, अग्निशमन परवान्याची आणि कोणाला निलंबित करायचं याची. ती व्हायलाच हवी. पण ज्या इमारतीत निम्मी माणसं चालू शकत नाहीत, तिथे रात्रपाळीच्या तीन परिचारिकांनी पहिल्या पाच मिनिटांत कोणाला, कशावरून आणि कुठल्या दाराने बाहेर काढायचं, याचा सराव होतो का, हा प्रश्न तिथेच राहून गेला.

उंच इमारतींची गोष्ट तर आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सगळीकडे टॉवर उभे आहेत आणि प्रत्येक लिफ्टशेजारी पाटी आहे: आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये. व्हीलचेअरवरचा माणूस पंधराव्या मजल्यावर पोचला तो लिफ्टने, आणि संकटात तीच बंद. चोवीस मीटरपेक्षा उंच इमारतीत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे आसऱ्याचा मोकळा मजला किंवा भाग ठेवावा लागतो. त्याची जागा सोसायटीतल्या किती जणांना ठाऊक असते? अनेक ठिकाणी तिथे जुने सोफे, गणपतीच्या मखराचं सामान आणि पोरांच्या सायकली रचलेल्या असतात.

या बाबतीत न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो द्यावा असाच आहे. १९९३ मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाला तेव्हा ६९व्या मजल्यावर काम करणाऱ्या एका व्हीलचेअरवरच्या कर्मचाऱ्याला खाली आणायला सहकाऱ्यांना सहा तास लागले होते. त्यानंतर कार्यालयाने जिन्यावरून घसरत नेता येणाऱ्या हलक्या बचाव-खुर्च्या विकत घेतल्या. ११ सप्टेंबर २००१ ला त्याच माणसाला, त्याच मजल्यावरून, दहा सहकाऱ्यांनी आळीपाळीने साधारण दीड तासात खाली आणलं. मनोरा कोसळला तेव्हा ते सगळे बाहेर होते. सहा तास लागले असते तर अकरा माणसं गेली असती. त्या खुर्चीची किंमत आपल्या सोसायटीच्या प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणापेक्षा कमीच असेल.

त्याच शहरात २०१३ च्या नोव्हेंबरात संघीय न्यायालयाने न्यूयॉर्क पालिकेच्या आपत्ती योजनेविरुद्ध निकाल दिला. आयरीन वादळानंतर अपंगांच्या संघटनांनी खटला भरला होता, आणि सुनावणी होईपर्यंत सँडी वादळ येऊन त्यांचं म्हणणं खरं करून गेलं होतं. वीज गेली, लिफ्ट बंद पडल्या, व्हीलचेअरवरची माणसं वरच्या मजल्यांवर दिवसेंदिवस अडकली. पालिकेने हे जाणूनबुजून केलेलं नाही, पण योजना आखताना सुमारे नऊ लाख अपंग नागरिक विचारात न घेणं हा कायद्याने भेदभावच आहे, असा त्या निकालाचा अर्थ. आपत्ती निसर्गाची असते आणि योजनेतली वगळणूक माणसाची, हे न्यायालयाने एकदा लिहून ठेवलं ते बरं झालं.

भारताचा कायदा या बाबतीत मागे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला आपण १ ऑक्टोबर २००७ ला मान्यता दिली आणि त्याचं ११वं कलम संकटकाळातल्या सुरक्षेचंच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं आठवं कलम त्याहून नेमकं आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करावी, असं ते सांगतं. आपत्तीनंतरचं पुन्हा बांधकाम दिव्यांगांना वापरता येईल असंच व्हावं, असंही सांगतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने याच विषयावर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे कागद पुरेसा आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व बैठकही होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पट्टीचे पोहणारे किती, नाले साफ झाले का, याचा आढावा घेतला जातो. त्या तक्त्यात 'मदत लागणारी माणसं' असा रकाना क्वचितच असतो.

आता तहसील कचेरीत चला, कारण सगळी गंमत तिथेच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं टेबल तिथे असतं आणि तालुक्यातल्या कितीतरी अपंगांची नावं, गावं, बँक खाती त्या टेबलावरच्या यादीत असतात. त्याच कचेरीत, पावसाळ्यात, दोन दारं सोडून पूर नियंत्रण कक्ष सुरू होतो. दोन्हींवर सही त्याच तहसीलदारांची. ही यादी त्या कक्षात न्यायला नवा कायदा, नवं ॲप किंवा वेगळा निधी लागत नाही, पण ती जात नाही. ग्रामपंचायतीकडे आणखी एक यादी असते, कारण स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. आशाताईच्या वहीत तिसरी, शाळेच्या समावेशित शिक्षणात चौथी, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या संगणकात पाचवी. प्रत्येक यादी कशाच्या तरी वाटपासाठी केलेली, म्हणून तिच्यात टक्केवारी असते आणि रक्कम असते. कोणाला उचलून न्यावं लागेल, कोणाला मोबाइलवर लिहून कळवावं लागेल, कोण अनोळखी माणसाला पाहून घाबरेल, हे त्यात नसतं. आशाताईला मात्र ते तोंडपाठ असतं. तिला पूर नियंत्रणाच्या बैठकीला कोणी बोलवत नाही.

यादीला धोकेही आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. घरातल्या मनोरुग्ण मुलीचं नाव गावभर व्हावं असं कोणत्या आईबापाला वाटेल? एकट्या राहणाऱ्या अंध बाईचा पत्ता वाटेल त्याच्या हाती पडणं चांगलं नाही. पण उपाय साधा आहे: नाव द्यायचं की नाही ते त्या माणसाला विचारायचं, आणि यादी गावातल्या दोन-तीन विश्वासू माणसांपाशीच ठेवायची. कुटुंबं नकार देतात ती बहुधा विश्वासात घेऊन विचारलेलं नसतं म्हणून.

सूचना पोचवण्याच्या बाबतीत अलीकडे बरंच बदललंय. २०२३ पासून मोबाइलवर अचानक मोठा आवाज करत सरकारी इशाऱ्याची चाचणी येते, ती अनेकांनी अनुभवली असेल. फोन थरथरतो, मजकूर पडद्यावर येतो. कर्णबधिरांसाठी थरथर ही मोठी सोय आहे, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असेल तर अंधांसाठी मजकूरही. अडचण पुढची आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते आणि 'नदीपात्रातील विसर्गात वाढ होण्याची शक्यता असल्याने सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे' असलं मराठी त्यांनाच काय, ऐकू येणाऱ्यालाही लगेच उमगत नाही. 'आज रात्री पाणी गावात येईल. आत्ता शाळेत जा.' हे पुरेसं आहे. गावातल्या एका तरुणाने कर्णबधिरांच्या सहा-सात घरांना खुणांच्या भाषेतला छोटा व्हिडिओ पाठवायचा ठरवला तर त्याहून उत्तम.

७ मे २०२५ ला देशभरात २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव झाला, महाराष्ट्रातही झाला. भोंगे वाजले, ठरलेल्या ठिकाणी दिवे बंद झाले. भोंगा ऐकू न येणाऱ्यासाठी पहिली पायरीच गळते. दिवे गेले की खुणांची भाषाही जाते, कारण हात दिसत नाहीत. ओठ वाचणाऱ्याचं तेच. म्हणून कर्णबधिर माणसाच्या उशाशी टॉर्च हवाच, आणि मदतीला येणाऱ्याने तो समोरच्याच्या डोळ्यांवर न मारता स्वतःच्या चेहऱ्यावर आणि हातांवर धरायला हवा. ही गोष्ट शिकवायला दोन मिनिटं लागतात. आपदा मित्र योजनेत देशभर एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्या प्रशिक्षणात अर्धा दिवस एखाद्या कर्णबधिर आणि एखाद्या व्हीलचेअरवरच्या माणसालाच शिकवायला बोलवावं.

धरा की सगळं जमलं आणि माणूस निवारा केंद्रात पोचला. केंद्र म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा. दाराशी रॅम्प असतो, सर्व शिक्षा अभियानात केलेला, पण अनेकदा इतका उभा की व्हीलचेअर ढकलणारा मागे घसरतो. वर्गात सतरंज्या पसरलेल्या असतात. मणक्याच्या दुखापतीच्या माणसाला जमिनीवर एका कुशीवर रात्रभर ठेवलं तर सकाळी त्वचा लाल होते आणि दोन दिवसांत जखम पडते. ती बरी व्हायला महिने जातात, कधी जीवही जातो. दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलायला हवी, खाली जाड गादी हवी. संडास मैदानाच्या पलीकडे, दोन पायऱ्या चढून, भारतीय पद्धतीचा, कडी वरच्या बाजूला. मग होतं असं की बाया पाणी पिणंच सोडतात. लघवीची नळी लावलेल्याला पाणी कमी पडलं की जंतुसंसर्ग ठरलेला. स्वमग्न मुलाच्या आईला रात्री तीनदा "पोराला गप्प बसवा" असं ऐकावं लागतं आणि पहाटे ती त्याला घेऊन परत पाण्याच्या दिशेने घरी निघते. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. कोपऱ्यातली एक शांत खोली राखून ठेवा, मधलं भोक पाडलेली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवा, दोन गाद्या जास्त आणा, कडी खाली लावून घ्या.

ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गमावली आणि त्यानंतर किनाऱ्यावर निवारे बांधत नेले. २०१३ च्या फायलिनच्या वेळी सुमारे दहा लाख, २०१९ च्या फणीच्या वेळी सुमारे बारा लाख लोक आधीच हलवले गेले. निवाऱ्यांना चढाचा रस्ता असतो, ते कोणाच्या ताब्यात ते ठरलेलं असतं, स्वयंसेवकांच्या गटात कोण कोणाला आणणार तेही. बांगलादेशात गायबांधा जिल्ह्यातल्या चरांवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटांवर, अपंगांनी स्वतः गट करून पुराची सूचना घरोघर पोचवण्याचं काम अंगावर घेतलं. त्या देशाने बचावाच्या काही होड्यांना उतरती फळी बसवून घेतली, म्हणजे व्हीलचेअर खुर्चीसकट आत जाते. आपल्याकडच्या रबरी बोटीत माणसाला उचलून ठेवतात आणि खुर्ची काठावर राहते. पाणी ओसरल्यावर माणूस घरी येतो, खुर्ची वाहून गेलेली असते.

त्या खुर्चीचं पुढे काय होतं, हेही पाहा. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या निकषांत दुभती म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये आहेत. कपड्यांना, भांड्यांना, होडीला, जाळ्याला दर ठरलेले आहेत. आपत्तीत साठ टक्क्यांहून जास्त अपंगत्व आलं तर अडीच लाख आहेत. आधीच अपंग असलेल्याची व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र किंवा जयपूर फूट वाहून गेला तर त्यासाठी वेगळा दर नाही. सरकारच्या अॅडिप योजनेतून साधन मिळतं, पण त्यात सर्वसाधारण अट अशी की मोठ्या माणसाला गेल्या तीन वर्षांत तेच साधन मिळालेलं नसावं. पुरात वाहून गेलेलं साधन गेल्याच वर्षी मिळालेलं असेल तर? म्हशीला दर असावा याबद्दल तक्रार नाही. पण पंचनामा करणाऱ्या तलाठ्याच्या छापील नमुन्यात एक ओळ वाढवायला इतकी वर्षं का लागावीत, हे कोणी तरी सांगावं.

पुनर्वसनात संधी अधिकच हुकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने आठ हजारांच्या आसपास माणसं नेली, आणि कितीतरी जण मोडलेल्या मणक्यांनी, कापलेल्या पायांनी जगले. बावन्न गावं नव्याने वसवली गेली. तेव्हा १९९५ चा पहिला अपंग कायदाही आलेला नव्हता, म्हणून उंबऱ्यांचा आणि रॅम्पचा विचार झाला नाही हे समजण्यासारखं आहे. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथल्या दरडींनंतरच्या घरांना मात्र ही सबब चालत नाही. वाडीवस्तीला रस्ताच नसेल तर पहिलं साधन रस्ताच, हेही तितकंच खरं.

पूर आणि भूकंप डोळ्यांना दिसतात, उन्हाळा दिसत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा मणक्याच्या वरच्या भागात दुखापत झालेल्यांना दुखापतीखालच्या अंगाला घामच येत नाही, त्यामुळे अंग तापत जातं आणि कळत नाही. मनोविकाराची काही औषधंही शरीराची थंड होण्याची ताकद कमी करतात. नागपूरसारख्या शहरांच्या उष्णता कृती आराखड्यात थंड पाणी आणि सावली आहे. या दोन गटांच्या घरी फोन करायचं काम कोणाला तरी नावानिशी द्यायला हवं. कोविडची टाळेबंदी हीही अशीच डोळ्यांना न दिसणारी आपत्ती होती. मास्कने ओठ झाकले, अंध माणसाला हात धरून रस्ता ओलांडून देणारं कोणी उरलं नाही, आणि रोज मदतीला येणारी बाई गावाला अडकली. २६ मार्च २०२० ला केंद्राच्या अपंग विभागाने चांगल्या सूचना काढल्या. बहुतेक गावांत त्या पोचेपर्यंत टाळेबंदीच उठली.

घरातल्या तयारीबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण अपंगांच्या घरांत ती इतरांपेक्षा जास्तच असते. तरी पिशवीत काय हवं: आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, कारण फिट्सची गोळी एक दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो. श्रवणयंत्राचे सेल आणि ते ठेवायला घट्ट झाकणाची डबी. नळ्या, बसायची उशी, शिट्टी, पॉवर बँक, यूडीआयडी कार्डाची प्रत. मुलाची आवडती वस्तू, मग ती फुटकी बाटली का असेना. ऑक्सिजन यंत्रावर असलेल्यांनी वीज गेली तर किती तास निभेल हे आजच मोजून ठेवावं आणि महावितरणच्या स्थानिक अभियंत्याला घर दाखवून ठेवावं.

आणि मदतीला जाणाऱ्यांसाठी: आधी विचारा, "कसं उचलू?" माणसाला स्वतःचं अंग तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. व्हीलचेअर हातांच्या दांड्यांना धरून उचलू नका, त्या निखळून हातात येतात; चौकटीला धरा. अंध माणसाचा हात ओढू नका, तुमच्या कोपराला त्याला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. खुर्ची, काठी, पाय, जे असेल ते त्याच्यासोबतच न्या.

आता काम वाचकाचं. गावात असाल तर मे महिन्याच्या ग्रामसभेत एवढाच विषय मांडा: आपल्या गावात असे कोण कोण आहेत, आणि पाणी इशारा पातळीला आलं की प्रत्येकाकडे कोण जाईल. यादी करायला आशाताईला आणि त्या घरांतल्या लोकांनाच बसवा, मग ती तहसीलच्या पूर नियंत्रण कक्षात देऊन पोच घ्या. शहरात असाल तर सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पार्किंगच्या आधी हे घ्या: कोणत्या मजल्यावरून कोणाला जिन्याने उतरवावं लागेल, आणि ते चौघे कोण. नावं इतिवृत्तात लिहा. सभेनंतर त्याच रात्री एकदा उतरवून पाहा, आणि घड्याळ लावून किती मिनिटं लागली तेही लिहा.